78 लाख आणि आमच्या चाळीतला डावा कोपरा

रविवारी रात्री प्रो कबड्डीचं ऑक्शन संपलं. तेव्हापासून चार-पाच जणांचे मेसेज आले. "या वर्षी तुझी पोस्ट नाही? टीम आवडली नाही वाटतं." दर वर्षी ऑक्शन झालं की मी इथे यू मुंबाच्या संघावर लिहितो. कोण स्वस्तात मिळाला, कुठे पैसे वाया गेले, कुठला कोपरा कच्चा राहिला वगैरे. या वेळी हात चालत नव्हता. का, ते खाली येईलच. आधी टीमबद्दल बोलून घेतो, म्हणजे ज्यांना तेवढंच वाचायचंय त्यांची सोय होईल.

टीम बरी आहे. खरंच बरी आहे. कॅप्टन सुनील कुमार संघात कायम आहे. गेल्या वर्षी त्याच्यासाठी 1 कोटी 1.5 लाख मोजले होते तेव्हा मी इथेच बोंब मारली होती की डिफेंडरला एवढे कशाला. माझं चुकलं होतं. त्याने बचाव सांभाळला आणि आपण प्लेऑफपर्यंत गेलो, एलिमिनेटरला पाटण्याकडून हरलो ती गोष्ट वेगळी. चढाईला अजित चौहान आहे, सोबत इराणचा झफरदानेश आहे. आणि या ऑक्शनमध्ये अनिल मोहनला 78 लाखांना घेतलं. दोन-सव्वादोन कोटींच्या खेळाडूंमागे आपण धावलो नाही. शादलूला गुजरातने 2 कोटी 23 लाखांना नेलं, देवांक दलालला बंगालने 2 कोटी 20.5 लाखांना. एकूण पाच कोटींच्या पर्समध्ये एकावर सव्वादोन कोटी घातले तर बाकीचा संघ काय चणे-फुटाण्यांवर उभा करायचा? तेव्हा मुंबाने डोकं शांत ठेवलं असं माझं मत. दहापैकी सात मार्क.

झालं. ज्यांना तेवढंच हवं होतं त्यांनी इथून गेलं तरी चालेल. पुढचं थोडं लांब आहे.

मी लालबागचा. वडील गिरणीत होते, 1982च्या संपानंतर पुन्हा कामावर गेलेच नाहीत. आमच्याकडे कबड्डी हा काही टीव्हीवर आलेला खेळ नाही. चाळीच्या मागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी पाणी मारायचं, चुन्याने रेषा आखायच्या आणि अंधार होईपर्यंत खेळायचं. मी स्वतः साधाच खेळलो. वॉर्डातल्या मंडळाच्या ब संघात मध्यरक्षक. गुडघा गेला तेव्हा एकविसावं लागलं होतं आणि खरं सांगायचं तर कोणाचंच काही नुकसान झालं नाही.

पण माझ्याबरोबर खेळणाऱ्या चौघांना या खेळाने नोकरी दिली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे, बँका, पोलीस, या सगळ्यांच्या कबड्डी टीम असायच्या. श्रमिक जिमखान्यावर किंवा दादरला एखादी मोठी स्पर्धा लागली की मैदानाबाहेर पँट-शर्टातले दोन-तीन लोक उभे असायचे. आम्ही पोरं कुजबुजायचो, "आज चांगलं खेळ, कंपनीची माणसं आलीयत." आमचा एक मित्र तसाच एका संध्याकाळी तीन पकडी करून बँकेत चिकटला. दोन वर्षांपूर्वी रिटायर झाला. घर झालं, मुलगी इंजिनिअर झाली. त्याला आजही कोणी कबड्डीपटू म्हणून ओळखत नाही, पण त्याचं अख्खं घर त्या तीन पकडींवर उभं आहे.

म्हणून 2014मध्ये जेव्हा प्रो कबड्डी आली तेव्हा आम्हाला काय वाटलं असेल ते तुम्हीच बघा. 26 जुलैला पहिला सामना, तोही वरळीला एनएससीआयमध्ये, यू मुंबा विरुद्ध जयपूर. आम्ही सात जण गेलो होतो. मॅट, लाइट, गाणी, समोर सिनेमातली माणसं बसलेली. माझ्या शेजारी बसलेला आमचा एक जुना खेळाडू, वय साठच्या पुढे, तो डोळे पुसत होता. मुंबा 45-31 जिंकली. फायनलही इथेच झाली, 31 ऑगस्टला, गणपतीचा तिसरा दिवस. लालबागमध्ये पाय ठेवायला जागा नाही आणि आम्ही मंडळाची ड्युटी दुसऱ्याच्या गळ्यात मारून वरळीला पळालो. त्या दिवशी जयपूरकडून हरलो. पुढच्या वर्षी 23 ऑगस्टला बंगळुरूला 36-30 हरवून जिंकलो. त्या रात्री हाजीअली, महालक्ष्मी, सातरस्ता, चिंचपोकळी करत चालत घरी आलो. टॅक्सी मिळाली असती, पण कोणाला बसायचंच नव्हतं.

अनुप कुमार, शब्बीर बापू, रिशांक देवाडिगा, जीवा कुमार, विशाल माने, मोहित छिल्लर, सुरेंदर नाडा. ही नावं आमच्या नाक्यावर गणपती आरतीसारखी पाठ होती. पहिले तीन मोसम, तिन्ही फायनल. तिसरी, मार्च 2016ची, पाटण्याकडून 31-28 हरलो.

आणि मग आम्ही पहिल्यांदा ऑक्शन काय असतं ते शिकलो. त्या तिसऱ्या फायनलनंतर संघ फुटला. मोहित छिल्लर 53 लाखांना बंगळुरूकडे गेला, त्या लिलावातला सगळ्यात महागडा खेळाडू. कोपऱ्यांची ती जोडी गेली आणि चौथ्या मोसमात आपण सेमीफायनललाही पोहोचलो नाही. 2018च्या लिलावात अनुप कुमार, आमचा कॅप्टन, 30 लाखांना जयपूरने घेतला. त्याच वर्षी फझल अत्राचलीला मुंबाने एक कोटी दिले, लीगमध्ये कोटीचा आकडा गाठणारा तो पहिला. त्याच वर्षी चंदगडचा सिद्धार्थ देसाई 36.4 लाखांना मिळाला आणि पहिल्याच मोसमात त्याने चढाईचे दोनशेच्या वर गुण काढले. पुढच्या वर्षी तेलुगू टायटन्सने त्याच्यावर 1 कोटी 45 लाख लावले, आपण बघत बसलो. मग अर्जुन देशवाल. आपल्याकडे होता, जयपूरने 96 लाखांना नेला आणि त्याच्या जिवावर ते नवव्या मोसमात चॅम्पियन झाले. त्याच मोसमात फझल पुण्याकडे. पुण्याकडे, राव! गिरगावातला माझा एक मित्र आठवडाभर ग्रुपवर काही बोलला नव्हता.

पण हळूहळू सवय होते. खेळाडूवर जीव लावायचा नाही, जर्सीवर लावायचा. आणि मग मला त्या हिशोबाचीच गोडी लागली. कोणाची बेस प्राइस किती, कोणाला राखायचं, कोणाला सोडायचं. ए कॅटेगरी 30 लाख, बी 20, सी 13, डी 9. वहीत लिहून ठेवतो मी. बायको म्हणते, घरचा हिशोब असा कधी लिहिला नाहीस.

आता मूळ गोष्ट.

आमच्या चाळीत खालच्या मजल्यावर एक पोरगा आहे. बावीस वर्षांचा. नाव लिहीत नाही, त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "काका, नाव नको." डावा कोपरा खेळतो. लहानपणी आमच्यातच बागडायचा, मला घोट्याची पकड दाखवायला सांगायचा. आता मला पन्नास गोष्टी शिकवेल असा झालाय. राज्याच्या ज्युनियर संघातून खेळला. वडील टेम्पो चालवतात, आई पोळीभाजीचे डबे करते. या वर्षी ऑक्शनच्या यादीत त्याचं नाव आलं. डी कॅटेगरी, बेस प्राइस 9 लाख.

नऊ लाख म्हणजे काय, ते त्या घरात वेगळं सांगायला नको.

फेब्रुवारीत त्याला एका ठिकाणाहून बोलावणं आलं होतं. ऑफिसच्या टीमकडून खेळायचं, करारावर, महिना अठरा हजार. पर्मनंट नाही, पण दोन वर्षं नीट खेळला तर विचार करू असं तोंडी सांगितलेलं. तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. का? कारण आख्ख्या चाळीत कबड्डीचा हिशोब मला कळतो असा सगळ्यांचा समज. मी वही काढली. कुठल्या टीमला डावा कोपरा हवाय, कोणाच्या पर्समध्ये किती राहतील, बावीस वर्षांच्या कोपऱ्याला कसा भाव येतो, सगळं त्याला समजावलं. आणि सांगितलं, "थांब. आत्ता करारात अडकलास तर लीगसाठी सोडतील की नाही सांगता येत नाही. एक वर्षाचा प्रश्न आहे."

तो थांबला. एप्रिलमध्ये त्या जागेवर दुसरा मुलगा लागला.

शनिवारी आणि रविवारी आम्ही त्यांच्याच घरात बसलो. मोबाईलवर ऑक्शन लावलेलं, खाटेवर उशीला टेकवून ठेवलेला. बाहेर पाऊस. वहिनी डब्यांचं पीठ मळत अधूनमधून स्क्रीनकडे बघायच्या. पहिल्या दिवशी मोठी नावं. आकडे चढत होते आणि मी कॉमेंटरी करत होतो, "हा महाग गेला, हा ठीक, अरे याच्यावर एवढे कशाला." वहिनींनी एकदा विचारलं, "भावजी, हे बोलतात तेव्हा ती पोरं तिथं समोर बसलेली असतात का हो?" मी म्हटलं नाही, घरीच असतात, टीव्हीवर बघतात. त्या म्हणाल्या, "म्हणजे आपल्यासारखीच."

अनिल मोहनची बोली लागली तेव्हा मी सगळं विसरलो होतो. पन्नास, साठ, सत्तर. 78ला आपल्याकडे आला आणि मी टाळी वाजवली. म्हटलं, "वाजवी भावात मिळाला!" भाजी घेतल्यासारखं. टाळी वाजवल्यावर बाजूला बघितलं तर पोरगा मोबाईलकडे बघत नव्हता, हाताच्या नखांकडे बघत होता.

नंतरचं थोडक्यात सांगतो. त्याचं नाव आलंच नाही. म्हणजे बोली लागली आणि कोणी घेतलं नाही, असंही नाही. आम्ही शेवटपर्यंत बसलो, आमच्या कानावर ते नावच पडलं नाही. ऑक्शन संपलं, सूत्रसंचालकाने सगळ्यांचे आभार मानले, जाहिरात लागली. वडिलांनी मोबाईल उचलून चार्जिंगला लावला. वहिनी म्हणाल्या, "जेवून घ्या भावजी," आणि ताट वाढलं. त्या घरात कोणी मला एक शब्द बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

रात्री घरी येऊन मी वही उघडली आणि जो हिशोब फेब्रुवारीत करायला हवा होता तो तेव्हा केला. संघ 12. एका संघात जास्तीत जास्त 25 खेळाडू. म्हणजे फार तर 300 जागा, त्यातल्या कित्येक आधीच राखलेल्या खेळाडूंनी भरलेल्या. यादीत पाचशेच्या वर नावं. इतका सोपा हिशोब. तिसरी-चौथीतल्या मुलाने केला असता. पण अकरा वर्षं मी फक्त वरून खाली बघत आलो. कोण महागडा, कोण दुसरा, कोण तिसरा. खालून वर कधी मोजलंच नाही. या वर्षी विक्रमी दहा खेळाडू कोटीच्या वर गेले ही बातमी मी स्वतः चार ग्रुपवर टाकली होती. किती जण घरी राहिले, हे मोजावं असं मला सुचलं नव्हतं, जोवर त्यातला एक माझ्या शेजारी बसला नव्हता.

कोणी म्हणेल, मग लीग वाईट का? अजिबात नाही. 2014च्या पहिल्या लिलावात सगळ्यात महागडा खेळाडू राकेश कुमार होता, 12 लाख 80 हजारांना. आज सी कॅटेगरीची बेस प्राइस त्याच्या वर आहे. कबड्डीपटूला इतके पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. ज्यांनी आयुष्यभर ट्रॉफी आणि शाल-नारळावर समाधान मानलं अशी माणसं आमच्या गल्लीत अजून आहेत. अडचण वेगळी आहे. पूर्वी ब संघातल्या, जिल्ह्यातल्या, साधारण चांगल्या पोरालाही एक टेबलखुर्ची मिळायची. आता वर कोटी आहेत आणि खाली काहीच नाही. कंपन्यांच्या टीम एकेक करून बंद झाल्या किंवा करारावर आल्या. बँकेत चिकटलेल्या माझ्या मित्राइतका चांगला खेळाडू आज बावीस वर्षांचा असता तर काय करत असता? बहुधा डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून फिरत असता.

आणि यू मुंबाबद्दल एक तक्रार, चाहता म्हणून. नाव मुंबईचं, पण मुंबईत शेवटचे सामने झाले ते जानेवारी 2024मध्ये. गेला मोसम हैदराबाद, नोएडा आणि पुणे. आपली टीम आपण टीव्हीवरच बघायची. शेजारी पुण्याने काय केलं बघा. त्यांनीही शादलूसारखे महागडे घेतले, नाही असं नाही, पण सोबत अस्लम इनामदार, आकाश शिंदे यांसारखी महाराष्ट्रातली तरुण पोरं धरून ठेवली, युवा पलटण म्हणून वेगळी फळी उभी केली. 1 मार्च 2024ला अस्लमच्या कप्तानीखाली हरियाणाला 28-25 हरवून ते चॅम्पियन झाले. मी मुंबईकर आहे, पुण्याचं कौतुक लिहिताना बोटं दुखतात. पण खरं आहे ते आहे. आणि महाराष्ट्रात पोरं नाहीत असं कोणी म्हणू नये. 2018मध्ये रिशांकच्या नेतृत्वाखाली आपण सर्व्हिसेसला हरवून राष्ट्रीय विजेते झालो होतो, तोच रिशांक जो आमच्या पहिल्या टीममध्ये होता आणि ज्याला आपण जाऊ दिलं.

लीगच्या नियमात नवीन तरुण खेळाडू ऑक्शनशिवाय थेट घेण्याची सोय आहे. मग वर्षातून एकदा दोन दिवस लालबाग-परळमध्ये, दादरमध्ये, वरळीत निवड चाचणी घ्यायला काय हरकत आहे? सगळ्यांना घेऊ नका. दोघांना घ्या. बाकीच्यांना निदान तोंडावर सांगा की तुझी पकड कमी पडते, तुझं वजन कमी पडतं. नाव न पुकारता घरी ठेवण्यापेक्षा ते बरं. आणि आपल्या नगरसेवकांना, आमदारांना एक विचारायचंय. प्रत्येक दहीहंडीला, प्रत्येक निवडणुकीला "लाल मातीतला खेळ" म्हणून भाषण ठोकता. आमच्या भागात पोरांना पावसाळ्यात सराव करायला एक छत आणि एक मॅट मिळेल का? जून ते सप्टेंबर ती पोरं कुठे जातात, कधी बघितलंय? आमचा पोरगा सध्या ओळखीच्या एका शाळेच्या हॉलमध्ये लादीवर सराव करतो. लादीवर. डावा कोपरा. गुडघे किती दिवस टिकतील ते मला माहीत आहे, माझा एक असाच गेलाय.

सोमवारी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. माफी मागायची होती, पण दारात उभं राहून शब्द सुचेना. पोरगा बूट घालत होता. मी म्हटलं, "माझ्यामुळे तुझी ती जागा गेली." तो म्हणाला, "काका, तुम्ही नसतं सांगितलं तरी मी थांबलोच असतो." हे त्याने मला बरं वाटावं म्हणून सांगितलं की खरं, मला कळलं नाही. मग म्हणाला, "पोलीस भरतीची ग्राउंड तयारी सुरू करतोय. खेळाडू कोट्यातून पण भरायचाय. त्याची कागदपत्रं बघाल का?"

तर सध्या मी ते करतोय. स्पर्धांची सर्टिफिकेटं लॅमिनेट केलेली आहेत, त्यांची पडताळणी कुठे आणि कशी होते ते शोधतोय. वहीच्या ज्या पानावर दर वर्षी यू मुंबाची सुरुवातीची सातची टीम लिहितो, त्या पानावर या वेळी ती यादी आहे. इथे कोणी क्रीडा कोट्यातून लागलेले असतील, किंवा कोणाच्या ऑफिसची कबड्डी टीम अजून चालू असेल आणि त्यांना डाव्या कोपऱ्याची गरज असेल, तर मला इनबॉक्समध्ये कळवा. पोरगा चांगला आहे. हे मी वहीत बघून सांगत नाहीये, मैदानावर बघून सांगतोय.

बाकी टीम बरी आहे. मोसम सुरू झाला की ओरडायला आपण आहोतच. या वर्षी निदान चार सामने मुंबईत द्या, एवढंच.